मार्जाराचे बिऱ्हाड

आमच्या लहानपणी पुण्याच्या वाड्यांतून मांजराला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविण्याची एकच सर्वमान्य रीत होती, आणि ती गोणपाटाची. कोठीच्या खोलीत पिलांची संख्या बेसुमार वाढली, किंवा एखाद्या बोक्याने दुधाच्या पातेल्यावर कायमचा हक्क सांगितला, म्हणजे घरातला एखादा धीट मुलगा त्या प्राण्याला गोणपाटात कोंबून, तोंड सुतळीने आवळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून मुठेपलीकडे सोडून येई. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तेच मांजर, जणू पर्वतीवरून देवदर्शन करून परतल्याप्रमाणे, चुलीशेजारी बसून स्वस्थपणे अंग चाटीत असलेले आढळे. 'कॅरिअर' हा शब्द आम्हांला त्या काळी ठाऊक होता तो सायकलच्या मागल्या चाकावरची लोखंडी चौकट एवढ्याच अर्थाने. त्यामुळे माझ्या पुतणीने एके दिवशी फोनवरून "काका, ठमीसाठी कॅरिअर घ्यायचंय, येता का बरोबर?" असे विचारले, तेव्हा क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे सुतळीने आवळलेले ते गोणपाटच उभे राहिले.

पुतणीची बदली जर्मनीत, फ्रांकफुर्ट शहरी, झाली होती. ठमी ही तिची साडेचार वर्षांची, राखाडी पट्ट्यांची, वंशावळीचा कोणताही दाखला नसलेली गावठी मांजरी. 'तिला आमच्याकडे ठेवून जा' ही माझी सूचना अर्थातच नामंजूर झाली, आणि मग पुढले चार महिने मला या विषयाचा जो अभ्यास करावा लागला, त्याचे फलित म्हणजे हा लेख होय. परदेशी नोकरीनिमित्त जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या पाहता, आणि त्यांतील पुष्कळांच्या घरी आता गोणपाटात न घालता येण्याजोगी मांजरे आहेत हे लक्षात घेता, तो इतर कोणाच्या उपयोगी पडेल अशी आशा आहे.

मांजराने हवेतून प्रवास करण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९१० सालच्या ऑक्टोबरात वॉल्टर वेलमन नावाच्या अमेरिकन साहसी गृहस्थाने 'अमेरिका' नावाच्या हवाईनौकेतून अटलांटिक महासागर ओलांडण्याचा उद्योग आरंभला, तेव्हा सहा माणसांच्या जोडीला 'किडो' नावाचे एक मांजरही त्या नौकेवर होते. उड्डाण होताच या मांजराने आरडाओरडा करून आणि सैरावैरा धावून असा काही गोंधळ मांडला, की नौकेवरील अभियंता मेल्व्हिन वॅनिमन याने, त्या प्राण्याला तत्काळ खाली घेऊन जाण्याविषयी, बिनतारी यंत्रावरून निरोप धाडला. आकाशातील यानावरून पाठविल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या बिनतारी संदेशांत या निरोपाची गणना होते. त्यानंतर किडोला एका किंतानी पिशवीत घालून, दोराने खालच्या होडीकडे सोडण्यात आले. पण समुद्र खवळलेला असल्याने होडीतील लोकांना पिशवी धरता येईना, आणि शेवटी ती पुन्हा वर ओढून घ्यावी लागली. नौका अटलांटिकपार गेली नाही. तीन दिवसांनी 'ट्रेंट' नावाच्या जहाजाने माणसांसह मांजराचीही सुटका केली. या हवाईप्रवासी मांजराचे वाहन, येणेप्रमाणे, आमच्या गोणपाटाचे सख्खे भावंडच होते. आणि त्याचा अनुभवही आमच्या वाड्यातल्याहून फारसा निराळा नव्हता, कारण पिशवीत घातलेले मांजर शेवटी जिथल्या तिथे परत आले.

आता मुद्द्याकडे वळू. बहुतेक मंडळी जी चूक करतात, आणि जी आम्हीही केली, ती अशी की ती प्रथम बाजारात जाऊन पिंजरा विकत घेतात, आणि मग तो घेऊन कुठे व कसे जाता येईल याची चौकशी करू लागतात. वस्तुतः क्रम अगदी उलटा आहे. पिंजरा मऊ कापडी हवा की टणक प्लास्टिकचा, एवढा पहिला प्रश्नसुद्धा मांजराकडे किंवा दुकानदाराकडे पाहून सुटत नाही. तो ज्या देशात जायचे त्या देशाचे सरकार सोडविते. ब्रिटनचेच उदाहरण घ्या. तेथे हिंदुस्थानातून विमानाने येणारे मांजर प्रवाशाच्या पायांशी बसून येऊ शकत नाही; त्याला रीतसर माल म्हणून, मालाच्या दस्तऐवजावर नोंदवून, विमानाच्या पोटातूनच यावे लागते, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरल्यावर, 'सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन' चालवीत असलेल्या प्राणी स्वागत केंद्रात त्याची व त्याच्या कागदपत्रांची तपासणी होते. सारांश, लंडनला निघालेल्या माणसाने कापडी पिशवी घेतली, तर ती फार तर रेल्वेने कोल्हापूरला जाताना उपयोगी पडेल. जर्मनी, फ्रान्स आदी युरोपीय देशांत मात्र मांजर केबिनमधून नेता येते, पण तेव्हा दुसरा अधिकारी पुढे येतो, आणि तो म्हणजे विमान कंपनी.

विमान कंपन्यांचे फर्मान परस्परांशी जुळत नाही. लुफ्थान्सा कंपनी केबिनमध्ये जो पिंजरा येऊ देते त्याची कमाल लांबी ५५, रुंदी ४० व उंची २३ सेंटिमीटर असून, मांजरासह त्याचे वजन ८ किलोहून अधिक असता कामा नये. एअर फ्रान्स वजनाची तीच ८ किलोंची मर्यादा पाळते, परंतु तिच्याकडे पिशवीचे माप ४६, २८ व २४ सेंटिमीटर. म्हणजे फ्रांकफुर्टच्या विमानात निर्वेधपणे शिरलेली पिशवी पॅरिसच्या विमानाच्या दारात अडू शकते. आणि प्रवासात दोन कंपन्यांची विमाने असतील, तर ज्या कंपनीचे माप अधिक आखूड तेच सबंध प्रवासाचे माप समजून चालावे लागते. कित्येक कंपन्या मांजराला केबिनमध्ये मुळीच थारा देत नाहीत. एमिरेट्सच्या केबिनमध्ये मांजराला मज्जाव आहे, पण काही ठरावीक मार्गांवर शिकारी ससाण्याला मात्र तेथे आसन मिळते. आता ससाण्याशेजारी बसून आठ-नऊ तास काढायचे की मांजराशेजारी, असा प्रश्न सामान्य प्रवाशास विचारला तर तो काय उत्तर देईल याविषयी मला शंका नाही, परंतु अरबस्तानात ससाण्याची प्रतिष्ठा मोठी आहे आणि प्रतिष्ठितांना सर्वत्रच सवलती असतात. ही मापे व नियम कंपन्या वेळोवेळी बदलतात, शिवाय एका विमानात किती जनावरे घ्यायची याचीही संख्या मुक्रर असते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कंपनीकडून मांजराच्या जागेची मंजुरी लेखी मिळवावी, आणि पिंजऱ्याचे माप त्याच पत्रात मागून घ्यावे.

आम्ही काय केले ते सांगतो. आम्ही दुकानात गेलो, आणि दुकानदाराने पुढे ठेवलेला निळ्या झाकणाचा, पांढऱ्या जाळीच्या दाराचा, वर मुठीचा एक सुबक प्लास्टिकचा पिंजरा, त्यावरील 'विमानप्रवासासाठी मान्यताप्राप्त' अशा अर्थाच्या इंग्रजी चिकटपट्टीवर विश्वास ठेवून, घेऊन आलो. घरी आल्यावर टेप लावून पाहिली. लांबी ४८, रुंदी ३१, उंची ३०. उंचीच्या सात सेंटिमीटरांमुळे तो सीटखाली जाणे अशक्य; आणि लांबी कमी भरत असल्याने, शिवाय झाकण व तळ नुसत्या प्लास्टिकच्या खिट्यांनी जोडलेले असल्याने, तो विमानाच्या पोटात जाण्यासही अपात्र. मान्यता कोणी दिली, याचा तपास केल्यावर समजले की, विमान कंपन्यांची 'आयाटा' ही जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९४५ साली क्यूबातल्या हवाना शहरी स्थापन झालेली, ती जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम प्रसिद्ध करते हे खरे, परंतु कोणत्याही कारखानदाराच्या पिंजऱ्यावर ती शिक्कामोर्तब करीत नाही. तेव्हा ती चिकटपट्टी ही केवळ कारखानदाराची स्वतःविषयीची अनुकूल समजूत होती.

यानंतर मांजर मोजण्याचा प्रसंग आला. आयाटाच्या नियमांत चार मापे सांगितली आहेत. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी हे पहिले. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची हे दुसरे. खांद्यांपाशी, किंवा अंग जेथे सर्वांत रुंद असेल तेथे, आडवी रुंदी हे तिसरे. आणि मांजर स्वाभाविकपणे उभे असता जमिनीपासून डोक्याच्या वा कानांच्या टोकापर्यंत, जे उंच असेल तेथवर, हे चौथे. हे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात पुतणी स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडून टेप धरून होती, मी एका हाती सुक्या बोंबलाचा तुकडा घेऊन ठमीला 'स्वाभाविकपणे' उभी करण्याच्या प्रयत्नात होतो, आणि ठमी टेपेचे टोक पकडून ओट्याखाली निघाली होती. मग फरशीचाच उपयोग करावा असे सुचले. बोंबलासाठी ती भिंतीलगत उभी राहिली, त्या क्षणी तिच्या कानांच्या उंचीला भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. आणि ती फरशीवर लांब पसरून झोपली, तेव्हा नाकाशी व शेपटीच्या बुडाशी खडूच्या रेघा ओढल्या. मापे निघाली ती अशी: लांबी ४६, कोपराची उंची १५, रुंदी १४, कानांपर्यंत उंची ३३ सेंटिमीटर. वजनासाठी आधी पुतणी एकटी काट्यावर उभी राहिली, मग ठमीला कडेवर घेऊन. फरक ४ किलो ६०० ग्रॅम.

पेटीचे माप या आकड्यांवरून काढतात. लांबीत कोपराच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा, म्हणजे पेटीची आतली लांबी येते; रुंदी दुप्पट करावी; आणि उभ्या उंचीत अंथरुणाची जाडी मिळवावी. ठमीच्या बाबतीत हे उत्तर साडेत्रेपन्न, २८ आणि ३६ सेंटिमीटर असे आले. हे किमान माप. बाजारात बरोबर तेवढी पेटी मिळत नाही म्हणून त्याच्या वरचे माप घ्यायचे. या हिशेबामागील हेतू उघड आहे. मांजराला मान न वाकविता उभे राहता यावे, स्वतःभोवती फिरता यावे, आणि पाय पसरून निजता यावे. परंतु हाच हिशेब केबिनच्या पिशवीला लावू गेल्यास एक विसंगती ध्यानात येते, जिच्याविषयी कंपन्या फारसे बोलत नाहीत. ३३ सेंटिमीटर उंचीचा प्राणी २३ सेंटिमीटर उंचीच्या पिशवीत ताठ उभा राहणे, भूमितीच्या कोणत्याही नियमाने, संभवत नाही. तो फिरू शकतो, निजू शकतो, बसल्या बसल्या आळस देऊ शकतो. उभा राहायचे म्हटले तर त्याची पाठ छताला लागते आणि मान खाली जाते. मांजर मूलतः वेटोळे करून निजणारा, अरुंद जागेत आश्रय शोधणारा प्राणी असल्याने आठ-नऊ तासांच्या मुंबई-फ्रांकफुर्ट प्रवासात हे त्याला निभावते, आणि सोबतीस माणूस असल्याचा लाभ त्या गैरसोयीहून मोठा आहे, असे माझे मत झाले. मात्र मांजर सहा-सात किलोंचा दांडगा बोका असेल, तर त्याला सीटखाली दामटण्यापेक्षा प्रशस्त पेटीतून विमानाच्या पोटात पाठविणेच अधिक भूतदयेचे ठरावे.

विमानाचे पोट म्हटले की लोकांच्या अंगावर काटा येतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. प्राण्यांना ज्या कप्प्यात ठेवतात तेथे हवेचा दाब केबिनमधल्याइतकाच असतो आणि उष्णतामानही राखलेले असते. तेथे अंधार असतो, यंत्रांचा आवाज असतो, आणि ओळखीचे कोणी नसते, हे खरे. पण खरा धोका आकाशात नसून जमिनीवर आहे, म्हणजे पेटी गाडीवरून विमानाकडे जाताना आणि डांबरी धावपट्टीच्या कडेला थांबलेली असताना. म्हणूनच काही कंपन्या बाहेरील उष्णतामान ८५ अंश फॅरनहाइटच्या वर गेले, तर जनावरे घेण्याचे नाकारतात. मुंबईहून युरोपकडे जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात ही गोष्ट, माणसांना कितीही त्रासाची असली, तरी मांजरांच्या हिताचीच आहे.

अशा प्रवासाची पेटी टणक प्लास्टिकची, लाकडाची वा तत्सम मजबूत द्रव्याची हवी; नुसत्या तारेचा पिंजरा चालत नाही, कारण त्यातून पंजा बाहेर येतो आणि शेजारच्या सामानाचा कोपरा आत शिरतो. वरचा व खालचा भाग एकमेकांना धातूच्या नट-बोल्टांनी जोडलेला असावा. दार धातूच्या जाळीचे असावे, आणि त्या जाळीची भोके इतकी बारीक असावीत की मांजराचे नाक किंवा पाय त्यातून बाहेर येऊ नये. दाराच्या वरखालच्या सळया चौकटीच्या भोकांतून चांगल्या दीड सेंटिमीटरभर पुढे आलेल्या असाव्यात, म्हणजे हिसका बसला तरी दार निसटत नाही. पुष्कळ जण याखेरीज चारही कोपऱ्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून बांधतात. ती तजवीज चांगली. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी वायुवीजनाची भोके चारही बाजूंना हवीत, आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ चारही बाजूंच्या क्षेत्रफळाच्या निदान १६ टक्के हवे. ठमीच्या किमान मापाची पेटी धरली तर हा आकडा सुमारे ९४० चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे टंकलेखनाच्या ए-फोर कागदाच्या दीडपट. दुकानातल्या कित्येक पेट्यांच्या मागच्या बाजूला चार चिरा पाडून जे वायुवीजन केलेले असते, ते या हिशेबात कुठेच बसत नाही. चाके असल्यास ती काढून टाकावी लागतात. पाण्याचे व अन्नाचे भांडे दाराला आतून असे अडकविलेले असावे की दार न उघडता बाहेरून पाणी घालता यावे. वर 'जिवंत प्राणी' अशी निदान अडीच सेंटिमीटर उंच अक्षरांची पट्टी, आणि बाजूंना वरची दिशा दाखविणारे बाण. एका मित्राने या पट्टीशेजारी मांजराचे नाव, छायाचित्र आणि 'मी भित्री आहे, पण चावत नाही' असे इंग्रजीत लिहिले होते. हे नियमात नाही. तथापि मालाच्या गाडीवरील कामगारही माणूसच असतो आणि निनावी पेटीपेक्षा नाव असलेल्या प्राण्याला तो जरा हलक्या हाताने उचलतो, असा त्या मित्राचा दावा आहे.

पर्शियन व तत्सम चपट्या नाकाच्या मांजरांची गोष्ट वेगळी. श्वासनलिकेच्या ठेवणीमुळे उष्णता व भीती त्यांना सोसत नाही. म्हणून आयाटाच्या नियमांप्रमाणे त्यांची पेटी दहा टक्के मोठी असावी लागते, आणि अनेक कंपन्या तर त्यांना पोटातून नेण्यास साफ नकार देतात. पुण्या-मुंबईकडे पर्शियन मांजरे हौसेने पाळणाऱ्यांनी परदेशगमनाचा इरादा करण्यापूर्वी हा मुद्दा अवश्य लक्षात घ्यावा.

आम्हांला हवी होती ती केबिनची कापडी पिशवी. या पिशवीचा इतिहासही मनोरंजक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गेल मार्ट्झ नावाच्या एका माजी हवाईसुंदरीने, आपल्या ल्हासा अप्सो जातीच्या कुत्रीला बरोबर नेता यावे म्हणून, जाळीच्या बाजूंची मऊ पिशवी तयार केली, आणि तीत जनावर नेऊ द्यावे म्हणून विमान कंपन्यांचे मन वळविले. कुत्रीचे नाव होते सुने (SuNae), आणि त्या पिशवीला पुढे 'शेर्पा' हे नाव मिळाले. मऊ पिशवीचा मोठा गुण असा की तिचे छत किंचित दबते, त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरांची तडजोड सीटखालच्या जागेशी करता येते, आणि आतून मांजराने पाठ उंचावली तर तीच तडजोड ते मांजरही करून घेते. मात्र तिची परीक्षा दुकानात बारकाईने घ्यावी. आम्ही प्रथम तळ दाबून पाहिला: आत घट्ट पाटी नसेल, तर पिशवी उचलताच तळ झोळीसारखा खचतो आणि मांजराला आपण पडतो आहोत असे वाटते. मग जाळीत नख अडकवून ओढले. पातळ जाळी मांजर एका विमानतळावर उसवते आणि दुसऱ्यावर बाहेर येते. चेन सर्वांत महत्त्वाची. ठमीसारखी मांजरी नाकाने चेनचा सरक मागे ढकलते, म्हणून दोन सरक एकमेकांना अडकविता येतात अशीच चेन पसंत करावी. शिवाय तोंडाच्या बाजूला एक आणि वर एक, अशी दोन दारे असावीत. घाबरलेले मांजर समोरच्या दारातून ओढून काढणे हे विहिरीतून पोहरा काढण्याइतके कष्टाचे काम आहे; वरून दोन्ही हातांनी उचलता आले, म्हणजे त्याला आणि आपल्यालाही ओरखडे कमी येतात. पाठीवर अडकवायच्या, समोर पारदर्शक घुमट असलेल्या ज्या पिशव्या हल्ली तरुण मंडळी मिरवितात, त्या विमानासाठी घेऊ नयेत. त्यांत वारा कमी, ऊन अधिक, आणि लपायला जागा मुळीच नाही, आणि मांजराला प्रवासात हवी असते ती नेमकी लपण्याची जागा. पिशवीचे वजन १ किलो ४०० ग्रॅम भरले, ठमीसह ६ किलो. आठ किलोंच्या मर्यादेत ती आरामात बसली.

आता कागदपत्रांकडे वळतो, कारण त्यांचा आणि पिंजऱ्याचा संबंध, वरवर पाहता दिसत नसला, तरी फार जवळचा आहे. रेबीज रोगाबाबत युरोपीय संघाने ज्या देशांची यादी केलेली आहे तीत आपला देश नसल्याने, येथून जाणाऱ्या मांजराच्या कातडीखाली प्रथम पंधरा आकडी मायक्रोचिप बसवावी लागते. नंतर रेबीजची लस. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे, तेथे प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरमागे निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असल्याचा दाखला मिळवायचा. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचे. प्रवासापूर्वी दहा दिवसांच्या आत सरकारी पशुवैद्याचे आरोग्यपत्र, आणि त्यासाठी केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन कचेरीत हेलपाटे. हा सर्व काळ मिळून चार महिन्यांहून अधिक होतो. पुष्कळ लोक ही मुदत तुरुंगवासासारखी मोजतात. परंतु मला ही मुदत म्हणजे अख्ख्या प्रकरणातला सर्वांत उपयुक्त भाग वाटू लागली. कारण पिशवी मांजराच्या मनात घर करून बसायला जितका अवधी लागतो, तितकाच अवधी सरकार आपल्याला सक्तीने देत असते. लस टोचली त्याच आठवड्यात आम्ही पिशवी आणली. ती आणल्यावर ठमीला तीत घालण्याचा प्रयत्नही केला नाही.

दिवाणखान्यात, तिच्या आवडत्या खिडकीखाली, पिशवी दार उघडे टाकून ठेवली. पहिले तीन दिवस तिने पिशवीला प्रदक्षिणा घातल्या. चौथ्या दिवशी पुतणीने आपला जुना, न धुतलेला सुती कुडता तीत अंथरला, आणि एका मऊ फडक्याने ठमीचे गाल पुसून तेच फडके पिशवीच्या आतल्या बाजूंवर फिरविले. मांजराच्या गालांजवळच्या ग्रंथींतून जो गंध पाझरतो तो त्याच्या दृष्टीने मालकीचा शिक्का असतो, आणि दारांच्या चौकटींना व आपल्या पायांना ते गाल घासते ते याच नोंदणीसाठी. पुढे जेवणाची वाटी पिशवीच्या तोंडाशी, मग उंबरठ्याच्या आत, मग अगदी मागच्या भिंतीशी. महिन्याभराने ती दुपारची झोप तेथेच काढू लागली. त्यानंतर चेन क्षणभर लावायची व उघडायची. पुढे लावून पिशवी उचलायची. मग खाली सोसायटीच्या आवारात एक फेरी. मग रिक्षाने चौकापर्यंत. रिक्षात ती पहिल्यांदा रडली तेव्हा वर चादर टाकताच गप्प झाली; अंधार ही मांजराची शिक्षा नसून सोय आहे, हे त्या दिवशी समजले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो, आणि ते दारिद्र्याचे वर्णन समजतो. ठमीच्या बाबतीत मात्र तेच बिऱ्हाड तिच्याबरोबर उडणार होते, आणि त्यात तिच्या मालकिणीचा वास होता.

विमानतळावरील सुरक्षा-तपासणीची कल्पना आधीच असलेली बरी. पिशवी क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते, पण मांजर यंत्रातून जात नाही. त्याला बाहेर काढून, कुशीत घेऊन आपल्याला चौकटीतून जावे लागते. हजारो माणसांच्या गलबल्यात, अनोळखी वासांत, उघड्या हातांतले मांजर निसटले तर ते शोधायचे कोठे? म्हणून अंगाला घट्ट बसणारा हार्नेस घरूनच घालून, त्याची दोरी मनगटाला गुंडाळून ठेवावी, आणि अधिकाऱ्यास विनंती करून बंद खोलीत तपासणी करून घ्यावी. पुतणीने तशी विनंती केली. त्या खोलीत एक तरुण महिला कॉन्स्टेबल होती. तिने ठमीला पाहून प्रथम टोपी काढून ठेवली, आणि मग "आमच्याकडे साताऱ्याला हिच्यासारखीच आहे हो, डिट्टो" असे म्हणून कागदपत्रांकडे पाहण्याआधी तिचे कान खाजविले. वरचे दार असल्याने ठमी परत पिशवीत अर्ध्या मिनिटात गेली. खरे म्हणजे ती स्वतःहूनच शिरली, कारण त्या सबंध इमारतीत तिच्या मालकीची तेवढीच एक जागा होती.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गुंगीचे औषध देऊन मांजर नेण्याचा सल्ला हौशी शेजारी देतात. तो ऐकू नये. अशा औषधांनी रक्तदाब उतरतो, आणि त्याचा परिणाम आकाशात कसा होईल हे सांगता येत नाही. चिंता कमी करणारे काही द्यायचेच असेल, तर ते पशुवैद्याच्या सांगण्यावरून, आणि प्रवासापूर्वी एकदा घरी देऊन पाहूनच. निघण्यापूर्वी काही तास जेवण बंद, पाणी चालू. अंथरुणाखाली शोषक पॅड, आणि जास्तीची दोन पॅडे व एक प्लास्टिकची पिशवी हाताशी. प्रवासात मांजर तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागले, तर ते थकव्याचे नसून संकटाचे लक्षण समजावे.

फ्रांकफुर्टला ठमी पोहोचली. तेथे कस्टमच्या अधिकाऱ्याने मायक्रोचिपचा आकडा यंत्राने वाचला, तो कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, आणि शिक्का मारला. इतक्या महिन्यांच्या तपश्चर्येचा निकाल दोन मिनिटांत लागला म्हणून पुतणी काहीशी खट्टूच झाली. आणि तो निळ्या झाकणाचा पिंजरा? तो परत घेण्यास दुकानदार कबूल होईना, म्हणून तो माझ्या वाट्यास आला. चारही बाजूंनी भोके आहेत, झाकण वरून उघडते, मूठ मजबूत आहे. सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी त्यात आम्ही कांदे ठेवतो. वारा चांगला खेळत असल्याने पावसाळ्यातसुद्धा त्यांना मोड आलेले नाहीत.